फिरणारा पण न तापणारा ड्रायर आणि ४६५ डॉलर

जानेवारीत आमच्या न्यू जर्सीतल्या घरचा ड्रायर फिरत होता, पण तासाभरानंतरही कपडे थंडगार आणि ओलेच निघत होते. बाहेर बर्फ साचलेला असल्यामुळे मी घाईने जाहिरातीतल्या पहिल्याच मेकॅनिकला बोलावले. त्याने भेटीचे ८९ डॉलर घेतले, मागचा पत्रा काढून दहा मिनिटे आत टॉर्च मारला आणि हीटिंग एलिमेंट व कंट्रोल बोर्ड दोन्ही जळाल्याचे सांगितले. नवा ड्रायर सातशेच्या पुढे जाईल, इथे ४६५ मध्ये काम भागेल आणि रोख दिल्यास कर वाचेल, हे त्याचे गणित मला पटले. काम चालू असताना मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होतो. जुने पार्ट्स मागायचे सुचलेही नाही. पावतीवर ‘पार्ट्स व मजुरी’ एवढेच लिहिलेले होते.

तीन आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार झाला. त्या वेळी नागपूरहून आलेले माझे सासरे, ज्यांचा जन्म वायरिंगच्या कामात गेला, त्यांनी आधी ब्रेकर बंद-चालू करून पाहिला, कारण मोटर १२० व्होल्टवर चालते पण एलिमेंटला २४० लागतात, आणि एक फेज गेली तरी ड्रम फिरतच राहतो. मग प्लग काढून त्यांनी पत्रा उघडला. बोर्डाच्या स्क्रूंवर धुळीचा जुना थर जसाच्या तसा होता, एलिमेंटची तार काळवंडलेली असली तरी मल्टिमीटरवर शाबूत निघाली, आणि नवा कोरा दिसत होता तो फक्त हीटरच्या डब्यावरचा थर्मल कट-ऑफ, म्हणजे हीटर जास्त तापला की त्याची वीज तोडणारा छोटा पार्ट, जो पुन्हा उडाला होता. हा पार्ट एकदा उडाला की बदलावाच लागतो. थर्मोस्टॅटसह त्याचा संच मला वीस डॉलरला मिळाला आणि बसवायला अर्धा तास पुरला.

तो उडत का होता, हे गरम हवा बाहेर नेणाऱ्या मागच्या फॉइलच्या पाइपने सांगितले. भिंतीला चेपलेल्या त्या पाइपमधून अर्धी बादली लिंट, म्हणजे कपड्यांच्या तंतूंचा भुसा, निघाला. मेकॅनिकने त्याला हातही लावला नव्हता, आणि पैशांपेक्षा मला याचाच राग अधिक आहे, कारण अमेरिकी अग्निशमन प्रशासनाच्या माहितीनुसार तिथे वर्षाला ड्रायरच्या सुमारे २,९०० आगी नोंदल्या जातात व स्वच्छतेचा अभाव हे त्यांचे सर्वांत मोठे कारण आहे.

मेकॅनिकला फोन केला तेव्हा वॉरंटी बोर्डावर आहे, कट-ऑफवर नाही, असे उत्तर मिळाले. येऊन पाहायचे असल्यास पुन्हा ८९ डॉलर. पैसे रोख दिलेले असल्यामुळे बँकेकडे तक्रार करण्याचीही सोय उरली नव्हती.