आतड्यांची सफाई की पेन्शनची?

‘आतडी साफ नसतील तर व्हिटॅमिन कितीही खा, अंगी लागत नाही.’ हे वाक्य कुणी तुम्हाला मोफत शिबिरात, समोर लॅपटॉप ठेवून ऐकवलं तर खुर्चीवरून उठा आणि घरचा रस्ता धरा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, ते नागपुरात सक्करदऱ्याकडच्या एका समाजभवनात ऐकलं आणि पुढच्या काही महिन्यांत सव्वीस हजार रुपये घालवून बसले. पैसे गेले त्याचं एक वेळ ठीक, पण मधल्या काळात पायाच्या नसांचं जे नुकसान झालं ते पुरतं भरून निघालेलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. शिवाय डब्यावरचं नाव हे लोक दर वर्षी बदलतात. बोलणं मात्र तेच असतं, म्हणून त्या बोलण्याबद्दलच लिहिते.

मामाजी वीज मंडळातून रिटायर झालेले. शुगर बरीच वर्षं, त्यासाठी मेटफॉर्मिन. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल रोज सकाळी उपाशीपोटी. ती मुळात थोड्या दिवसांसाठी लिहून दिली होती, ती यांनी आपल्या मनानेच कायमची करून टाकली. गळ्यात माळ, त्यामुळे सावजीचं नाव काढायची सोय नाही, अंडंही चालत नाही. थकवा येतो, जिभेची आग होते, जेवलेलं अंगी लागत नाही, अशी तक्रार घरात चाललेली होतीच. तेवढ्यात वस्तीतल्याच एका ओळखीच्या घरचा मुलगा सांगत आला, ‘काकाजी, रविवारी शिबिर आहे, फुल बॉडी चेकअप, एक रुपया घेऊन नाही राहिले आम्ही.’

चेकअप म्हणजे काय, तर हातात धातूची एक कांडी धरायची. तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. स्क्रीनवर हृदय, यकृत, आतडी यांची रंगीत चित्रं फिरतात, मिनिटभरात टिंग वाजतं आणि प्रिंटरमधून कागदांची थप्पी बाहेर पडते. त्यात बी-१२ कमी, डी कमी, झिंक कमी, ‘आतड्यांची शोषणक्षमता’ लाल रंगात. रक्ताचा एक थेंब न काढता! मग टेबलावर दुसरा खेळ. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात जखमेला लावायच्या औषधाचे चार थेंब, पाणी तांबूस-काळं. ‘हे तुमचं आतडं, काकाजी.’ मग त्यांच्या डब्यातली चिमूटभर पावडर टाकली, पाणी निवळशंख. ‘आणि हे आमचा कोर्स झाल्यावर.’ हॉलमध्ये टाळ्या.

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. हा खेळ मामाजींनी घरी कौतुकाने सांगितला तेव्हा कोर्स केव्हाच सुरू झालेला होता, पैसेही देऊन झाले होते. मी त्यांच्यासमोरच ग्लासात बीटाडीन टाकलं आणि चघळायची व्हिटॅमिन सीची गोळी कुटून घातली. पाणी तसंच निवळलं. आयोडीनचा रंग व्हिटॅमिन सीने जातो, लिंबानेही जातो. आतड्याचा यात काडीचा संबंध नाही. मामाजी म्हणाले, ‘हो, पण त्यांच्या पावडरीने लवकर झालं होतं.’ एकदा पैसे मोजले की माणूस विकत घेतलेल्या वस्तूची बाजू घेतो. त्यांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या घरात असं झालं तर वाद घालून उपयोग होणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

कोर्समध्ये तीन डबे होते. पहिला ‘सफाई’चा. रात्री पाण्यात कालवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शौचाला काळसर, रबरासारखी दोरी पडते. ती पडली. तिचा फोटो (हो, फोटो!) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असतो, तिथे सगळे अभिनंदन करतात. ‘वर्षानुवर्षांचा थर निघाला काकाजी.’ डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली तर त्यात इसबगोल, बेंटोनाइट माती आणि सोनामुखी. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतं, त्यात माती मिसळली की दोरी तयार. सोनामुखी हा रेचच, ती दोरी ढकलून देते. म्हणजे रात्री डब्यातून पोटात घातलं तेच सकाळी बाहेर आलं. खरं तर आतड्याच्या आतलं पेशींचं अस्तर तीन ते पाच दिवसांत झडून नवीन येतं. त्याच्यावर वर्षानुवर्षांचा थर बसेल कुठे?

मग शोषण बिघडतच नाही का? बिघडतं, आणि इथेच या मंडळींचं फावतं. पण कोणतं व्हिटॅमिन, कुठे अडलं आणि कशाने, हे त्यांना सांगायचं नसतं. ते सांगितलं तर एकच डबा सगळ्यांना विकता येत नाही.

बी-१२चंच घ्या, कारण मामाजींचं घोडं तिथेच अडलं होतं. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं ॲसिड आणि पेप्सिन हा पाचकरस लागतो. मग जठराच्या भिंतीतून पाझरणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन लहान आतड्यात त्याला धरतं, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, इलियममध्ये, शोषली जाते. विल्यम कॅसल या अमेरिकन डॉक्टरने १९२०च्या दशकाच्या अखेरीस हे कोडं सोडवायला सुरुवात केली. तो स्वतः मांस खायचा, अर्धवट पचल्यावर ते जठरातून परत काढायचा आणि पर्निशियस ॲनिमियाच्या, म्हणजे बी-१२ शोषलंच न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयाच्या, रुग्णांना नळीवाटे द्यायचा. नुसत्या मांसाने रुग्ण सुधारत नव्हते, यानं सुधारले. वर्गात हे सांगितलं की पोरी नाकाला रुमाल लावतात, पण इंट्रिन्सिक फॅक्टर मग परीक्षेपर्यंत विसरत नाहीत.

आता मामाजींकडे बघा. माळकरी, म्हणजे बी-१२ची आवक फक्त दूध-दह्यातून. पॅन्टोप्राझोलने ॲसिड कमी केलेलं, त्यामुळे अन्नातून ते नीट सुटत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की इलियममधलं शोषण मंदावतं. तीन जागी गळती, आणि त्यातली एकही मळाने झालेली नाही. बी-१२चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून हे सगळं इतक्या सावकाश होतं की माणूस म्हणतो, वय झालं.

बाकी व्हिटॅमिनांच्या वाटा वेगळ्या. ए, डी, ई, के यांना पित्त आणि जेवणातली चरबी लागते, म्हणून पित्तनलिका तुंबलेल्याची अडचण वेगळी आणि गव्हाने आतडं बिघडणाऱ्या सीलिॲकच्या पेशंटची वेगळी. लोह लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं आणि जेवणाबरोबर चहा ढोसला तर कमी शोषलं जातं. हे सगळं एका पावडरीने दुरुस्त होत असतं तर धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या निम्म्या पाट्या उतरल्या असत्या.

दुसऱ्या डब्यावर हिरव्या अक्षरात ‘शाकाहारी बी-१२’ लिहिलेलं. आत स्पिरुलिना. स्पिरुलिनात जे बी-१२ म्हणून मोजलं जातं ते बहुतांशी नकली रूप असतं, आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं. तिसऱ्या डब्यात लोह आणि भरपूर फॉलिक ॲसिड. खरी मेख इथे होती. फॉलिक ॲसिडने रक्त तयार व्हायला मदत होते, हिमोग्लोबिन वाढतं. मामाजींचंही वाढलं, आणि लॅबचा तो कागद ग्रुपवर ‘रिझल्ट’ म्हणून फिरला. पण बी-१२ची कमतरता आत तशीच राहते आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. रक्ताचा कागद चांगला दिसतो, म्हणून कुणी पायांकडे बघत नाही.

पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा शिबिरवाला मुलगा म्हणाला, ‘विष निघून राहिलं काकाजी, घाबरू नका, डोस वाढवा.’ डोस वाढवला, म्हणजे सोनामुखीही वाढली. रात्री-बेरात्री संडासच्या चकरा, अंगात त्राण नाही. अंधारात पाय कुठे पडतो ते कळेना. एकदा न्हाणीघरात डोळे मिटून तोंडावर साबण लावताना तोल गेला, बादली धरली म्हणून वाचले. डोळे मिटले की तोल जाणं हे त्या नसांचंच लक्षण. त्या दिवशी माझे मिस्टर त्यांना जवळजवळ उचलूनच डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी ती रंगीत थप्पी बाजूला सारली आणि डबे मागितले. लेबलं वाचली, घोट्यावर कंपनाचा काटा (ट्यूनिंग फोर्क) ठेवून बघितला. मामाजींना कंपन जाणवलंच नाही. रक्तात बी-१२ फारच कमी निघालं. नसांपर्यंत गेलं होतं म्हणून आधी इंजेक्शनं दिली. पुढे मोठ्या डोसच्या गोळ्या, कारण इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही मोठ्या डोसातला साधारण एक टक्का आपोआप आत झिरपतो आणि तेवढा पुरतो. पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी केली. या सगळ्याचा खर्च त्या तीन डब्यांच्या पासंगालाही पुरत नाही. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, जिभेची आग थांबली. अंधारात मात्र अजून भिंत धरूनच चालतात.

तुम्ही म्हणाल, मशीनने बी-१२ कमी सांगितलं होतं, ते खरंच निघालं की. माझ्या मुलाचंही हेच म्हणणं होतं, म्हणून तो सासूबाईंना घेऊन मानेवाड्याच्या शिबिरात गेला. ऑपरेटरने सासूबाईंचं नाव, वय, उंची, वजन टाइप केलं आणि कुणाशी तरी बोलायला वळला. सासूबाईंचे हात कापतात, म्हणून कांडी या पठ्ठ्याने धरली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या तळहातावरून मशीनने रजोनिवृत्तीनंतरची हाडांची झीज आणि गर्भाशयाची तक्रार सांगितली. बी-१२ तिथेही कमीच होतं, आणि ‘शोषणक्षमता’ लाल.

आता कामाचं. मामाजींजवळ पक्कं बिल नव्हतं, वहीच्या पानावर हाताने लिहिलेली पावती होती. पण पैसे गूगल पेवरून गेले होते आणि ग्रुपवरचे मेसेज कुणी पुसले नव्हते. ‘शुगर मुळापासून जाते’ असा त्यांचा व्हॉइस मेसेजही होता. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यानेच बंदी आहे. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत बारीक छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. तोंडाने औषध म्हणून विकलं आणि कागदावर नाही म्हटलं, हे त्यातून दाखवता येतं. चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक असला म्हणून तो माल गुण देतो असं ठरत नाही.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, कारण आमची नोटीस पोचली त्याच रात्री त्यांनी ग्रुपच बंद केला.

तो मुलगा मध्यंतरी घरी येऊन गेला. निम्मे पैसे देतो, तक्रार मागे घ्या म्हणाला. मामाजींनी त्याला चहा पाजला, आईची चौकशी केली आणि सांगितलं, ‘बापू, आता तारखेलाच भेटू.’