पिकअपवर जड माल: एअर स्प्रिंग बसवावं, पाटा वाढवावा की रबर स्प्रिंग?

माल भरला की पिकअप मागून बसते, नाक वर येतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. यावर तीन उपाय प्रचलित आहेत: चेसिस आणि एक्सल यांच्यामध्ये हवेचा फुगा म्हणजे एअर हेल्पर स्प्रिंग, कमानीत (मागच्या लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) जास्तीचा पाटा, किंवा बंप स्टॉपच्या (एक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबराच्या) जागी पोकळ रबरी स्प्रिंग. गाडी उचलून धरण्याचं काम तिन्ही करतात. निवड मात्र माल किती यावर कमी आणि तो किती वेळा बदलतो, हौद्यात कुठे बसतो यावर जास्त ठरते.

त्याआधी काट्यावर जा. भरलेल्या गाडीचा फक्त मागचा एक्सल काट्यावर चढवून वजन घ्या आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या प्लेटवरील एक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा. मर्यादा 1,750 किलो आणि काटा 1,900 दाखवत असेल, तर तिन्हींपैकी काहीही बसवू नका, माल उतरवा. फुग्याच्या खोक्यावर 2,268 किलो छापलेलं असतं, तो त्या जोडीने उचलायचा भार असतो. एक्सलची नळी, व्हील बेअरिंग, टायर आणि ब्रेक आधी होते तेवढेच राहतात. उलट गाडी सपाट दिसू लागली की जास्त माल भरल्याचं डोळ्याला कळत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

एअर स्प्रिंग

फुगा किती वजन उचलतो, त्याचा हिशेब सरळ आहे: दाब गुणिले प्रभावी क्षेत्रफळ, म्हणजे ज्यावर हवा प्रत्यक्ष ढकलते ते क्षेत्रफळ. प्रभावी व्यास 12.5 सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे 123 चौरस सेंटीमीटर. 50 पीएसआय म्हणजे साधारण 3.5 किलो प्रति चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका फुग्यावर 430 किलोच्या आसपास. फुगा दबला की हे क्षेत्रफळ बदलतं, त्यामुळे आकडा अंदाजासाठीच वापरावा. दाब कमी-जास्त करता येणं हाच फुग्याचा खरा फायदा. सकाळी सिमेंटच्या गोण्या आणि दुपारी रिकामा हौदा असा धंदा असेल, तर बाकी दोन उपाय याच्या जवळपासही येत नाहीत.

एअर लिफ्टच्या लोडलिफ्टर 5000 किंवा फायरस्टोनच्या राइड-राइट जातीच्या फुग्यांना किमान 5 आणि कमाल 100 पीएसआय ही मर्यादा असते. किमान आकडा विसरू नका. हवा पूर्ण काढून गाडी चालवली की रबर घडीत चिमटतं, घासतं आणि फुटतं. आत जाउन्स बंपर (धक्का झेलणारा रबरी ठोकळा) असलेले फुगे हवा गेली तरी तग धरतात. खराब रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तेच घ्या.

दोन्ही बाजूंना हवेचे व्हॉल्व्ह वेगळे ठेवा. टी-जोड टाकून एकाच व्हॉल्व्हवर दोन्ही फुगे जोडले, तर वळणावर बाहेरच्या फुग्यातली हवा आतल्या फुग्याकडे पळते आणि गाडी आणखी कलते. वेगळे व्हॉल्व्ह असले की एका बाजूला बसलेली पाण्याची टाकी किंवा अवजारांची पेटी सावरायला त्या बाजूला 10-15 पीएसआय जास्त देता येतात.

बसवताना चुका ठरावीकच होतात. नळी पक्कडने कापली की टोक चपटं होतं आणि जोडातून हवा गळते. धारदार ब्लेडने काटकोनात कापा आणि फिटिंगमध्ये टेकेपर्यंत दाबा. आट्यांच्या जोडांना थ्रेड सील लावा. फुगा पूर्ण फुगलेला असताना त्याच्याभोवती चारही बाजूंनी किमान 13 मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर ब्रेकची नळी किंवा पाट्याची कड त्याला कापते. सायलेन्सरपासून 15 सेंटीमीटर अंतर ठेवा. जमत नसेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा लावा. मग ठरलेला दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाका आणि 24 तासांनी पुन्हा मोजा. मोजताना एक गंमत होते: फुग्यात हवा थोडीच मावते, त्यामुळे गेज लावल्यावरच काही पीएसआय निघून जातात. तेवढ्याला गळती समजू नका. थंडीचंही तसंच आहे. तापमान 10 अंश सेल्सियसने उतरलं की 50 पीएसआयचे सुमारे 48 होतात.

दाब ठरवायला टेप पुरेसा आहे. रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची घ्या, समजा 560 मिलिमीटर. माल भरल्यावर ती 490 झाली, तर 540 च्या आसपास येईपर्यंत हवा भरा. 560 च्या वर नेऊ नका. तिथे गेल्यावर पाट्याचं काम फुगा करू लागतो आणि गाडी उड्या मारते. कंपनीचे शॉकअॅब्जॉर्बर थकलेले असतील तर हे आणखी लवकर जाणवतं.

जास्तीचा पाटा

पाट्याला हवा लागत नाही, नळी लागत नाही आणि तो फुटत नाही. हौद्यात कायम बसवलेला वेल्डिंग सेट, टाकी किंवा बंद बॉडी असेल तर पाटाच घ्यावा. रोज बदलणाऱ्या भाराला मात्र तो चुकीचा, कारण रिकामी गाडीही तितकीच कडक धावते, ओल्या रस्त्यावर मागचं चाक उसळतं आणि पकड सुटते.

काम मात्र मोठं आहे. कमान सोडवायची, सेंटर बोल्ट बदलायचा आणि पाटे पुन्हा जुळवायचे. कमान एक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा ताणले गेलेले बोल्ट दुसऱ्यांदा तितकी पकड देत नाहीत. नवे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा आणि 800 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मागची बाजू बरीच उचलली तर पिनियनचा कोन, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट मागच्या एक्सलला जिथे जोडतो तिथला कोन, बदलतो. वेग वाढल्यावर प्रोपेलर शाफ्टची थरथर जाणवली, तर पाट्याखाली पाचर टाकून कोन सुधारावा लागतो.

रबर स्प्रिंग

टिंब्रेनसारख्या पोकळ रबरी स्प्रिंगची किंमत तिच्या साधेपणात आहे. जुना बंप स्टॉप काढा, ही लावा, काम झालं. रिकाम्या गाडीत रबर आणि एक्सल यांच्यात थोडी फट राहायला हवी, म्हणजे नेहमीची चाल बदलत नाही. भार आला की रबर टेकतं आणि जसजसं दबतं तसतसं कडक होतं. समायोजन काहीच नाही: माल एका बाजूला असला तर गाडी एका बाजूलाच झुकणार. ठरावीक वजन, कच्चा रस्ता आणि देखभालीला वेळ नाही, अशा गाडीला हे बरोबर.

चेसिस वाकतं ते कुठे

फुग्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं ते हे. पाटा आपला भार चेसिसवर दोन ठिकाणी देतो, पुढच्या हँगरवर (चेसिसवरच्या ब्रॅकेटवर) आणि मागच्या शॅकलवर (हलत्या दुव्यावर). फुगा तोच भार एक्सलच्या वर, एकाच ठिकाणी खालून ढकलतो. माल एक्सलच्या पुढे किंवा वर असेल तर बिघडत नाही. पण वजन बंपरच्या मागे लटकत असेल तर मागचं टोक खाली ओढलं जातं, मधला भाग वर रेटला जातो, आणि चेसिस फुग्याच्या ब्रॅकेटजवळ किंवा केबिनच्या मागे वाकतं. खड्ड्यात हा जोर कित्येक पटींनी वाढतो. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसू लागली, तर चेसिस झुकलंय असं समजून तपासणी करा.

आकड्यांत पाहा. व्हीलबेस 3.2 मीटर आहे आणि ट्रेलर जोडायचा गोळा (हिच बॉल) मागच्या एक्सलच्या 1.3 मीटर मागे आहे. गोळ्यावर 250 किलो आले की मागच्या एक्सलवर सुमारे 352 किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून 102 किलो कमी होतात. फुगा, पाटा किंवा रबर गाडी सपाट करतं, पण ते 102 किलो पुढच्या चाकांवर परत आणत नाही. ते वेट डिस्ट्रिब्युशन हिच (गोळ्यावरचा भार पुढच्या चाकांकडेही वाटणारी जोडणी) करतं, किंवा ट्रेलरमधला माल मागे सरकवून गोळ्यावरचा भार कमी करावा लागतो, आणि तोही बेताने, कारण फार कमी केला तर ट्रेलर झुलू लागतो.

ब्रेकचा व्हॉल्व्ह

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत सळई जाते. गाडी बसली की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तिन्ही उपायांपैकी कोणताही लावला की भरलेली गाडी व्हॉल्व्हला रिकामी वाटते, मागचे ब्रेक कमी लागतात आणि पुढचे तापतात. सळई नव्याने जुळवून घेतल्याशिवाय माल भरू नका. फुगा असेल तर ही जुळवणी नेहमीच्या भाराला आणि नेहमीच्या दाबाला करून घ्या, कारण हवा बदलली की उंचीही बदलते.

मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असेल तर निवड छोटी होते. फुगा कॉइलच्या आतच बसतो, दाब 35 पीएसआयपर्यंतच आणि जोडीची उचल सुमारे 450 किलो. कॉइलच्या आत बंप स्टॉप असेल तर तो काढावा किंवा कापावा लागतो, म्हणजे हवा गेल्यावर आधार उरत नाही. अशा गाडीत गेज हाताशी ठेवा. कायमचा भार असेल तर जास्त कडक कॉइल बसवणं सोपं पडतं.