चेरीच्या बिअरला खाण्याच्या सोड्याची परीक्षा

बेकरीतल्या केकवर जी लालभडक चेरी असते ती बहुतेक वेळा चेरी नसतेच, आपलं करवंद असतं. बी काढून पाकात मुरवलेलं आणि लाल रंगात बुडवलेलं. वेंगुर्ल्यात गेली २३ वर्षं मी कोकमाचा व्यवसाय करते: आमसुलं, आगळ, सरबत. फळ, पाक आणि रंग यांच्याशी रोजचा संबंध असल्यामुळे कुठल्याही बाटलीवर ‘चेरी’ वाचलं की मी आधी मागची बारीक अक्षरं वाचते.

माझा भाचा जहाजावर इंजिनात काम करतो. यंदा मे महिन्यात तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून घरी आला. विमानाने येणाऱ्याला दोन लिटर मद्य ड्यूटी न भरता आणता येतं. त्या हिशोबात बसतील अशा पाच बाटल्या त्याने मोज्यांत गुंडाळून आणल्या होत्या. सगळ्या चेरीच्या बिअरच्या. “आते, ह्यां सरबत नाय हां,” असं त्याने आधीच बजावलं. कोकमाचा हंगाम ऐन भरात होता, कोपरापर्यंत हात लाल झालेले. म्हटलं, रात्रीची जेवणं आटोपू देत, मग पडवीत बसून नीट चव घेऊ. तुलनेसाठी इथल्याच एका दुकानातून ‘चेरी फ्लेवर’ लिहिलेला एक कॅनही मागवला.

कोकमाच्या धंद्यात खरा रंग ओळखायची एक साधी युक्ती आहे. बशीत चमचाभर रस घ्यायचा आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा. फळाचा रंग असेल तर तो फसफसत जांभळट होतो, मग निळसर करडा पडतो. बाटलीतला कृत्रिम लाल रंग मात्र ढिम्म हलत नाही. कोकमाचा आणि आंबट चेरीचा रंग एकाच जातीच्या द्रव्यांमुळे येतो, त्यामुळे ही परीक्षा चेरीलाही लागू पडते. चार बशा मांडल्या. भाच्याने आणलेल्या तिन्ही प्रकारांचा रंग बदलला. कॅनवाली बशी लाल ती लालच राहिली.

त्या कॅनबद्दल जास्त लिहीत नाही. वास खोकल्याच्या औषधाचा, पहिल्या घोटाला गोड, आणि गिळल्यावर जिभेवर एक पातळ तेलकट थर राहतो. आंबटपणा औषधालाही नाही. १० पैकी २, आणि तेही थंडगार होता म्हणून. मला राग एवढ्याचाच येतो की हे पिऊन माणसं चेरीच्या बिअरबद्दल कायमचं मत करून बसतात.

आता खरी गोष्ट. बेल्जियममध्ये चेरीच्या बिअरला क्रीक म्हणतात. क्रीक म्हणजे तिकडची आंबट चेरी. ब्रसेल्सला लागून असलेल्या स्कारबेक गावची चेरी त्यासाठी नावाजलेली होती. आता तिथली झाडं फारशी उरलेली नाहीत आणि बरीचशी चेरी बाहेरून येते. ही चेरी ज्या बिअरमध्ये मुरवतात ती लॅम्बिक. जव आणि न मोडवलेला गहू यांचा उकळलेला काढा रात्रभर उघड्या, पसरट भांड्यात निवत ठेवतात. यीस्ट विकत आणून घालत नाहीत. हवेत आणि लाकडी पिंपांत जे असेल तेच आंबवण्याचं काम करतं. म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात.

भाचा हे सांगत होता तेव्हा आमच्या शेजारचे आबा पायरीवर बसले होते. त्यांची सगळी हयात माड चढण्यात गेली. माडीच्या मडक्यात तरी कोण यीस्ट घालतं? पहाटेची गोड नीरा दुपारपर्यंत आपोआप आंबते. लॅम्बिकला मात्र त्यासाठी महिने, कधी वर्षं लागतात.

पहिली बाटली उघडली लिंडमन्स क्रीकची. हे फ्लेझनबेक गावचं घराणं, १८२२ पासूनचं. बिअरमध्ये मद्यार्क फक्त ३.५ टक्के. फेस गुलाबी, अमृत कोकम घुसळल्यावर वर येतो तसा. लॅम्बिकमध्ये चेरीचा रस घालून ती गोड केलेली असते, त्यामुळे पहिल्यांदाच पिणाऱ्याला ती लगेच आवडेल. माझ्या जावेला हीच सगळ्यात आवडली. गोडाच्या खाली आंबटपणा आहे, पण तो दबकत बोलतो. जेवणाबरोबर नको, जेवणानंतर छोट्या पेल्यात घ्यावी. मालवणी खाजाबरोबर घेतली तर खाजातलं आलं आणि गूळ तिला छान उचलून धरतात. १० पैकी ७.

दुसरी सॅम्युअल स्मिथची ऑरगॅनिक चेरी. ही इंग्लंडची, ५.१ टक्क्यांची. ही लॅम्बिक नाही, यीस्ट घालून आंबवलेली एल (बिअरचाच एक प्रकार) आहे, तिच्यात चेरीचा रस मिसळलेला. अंगाने भरदार, रंग गडद, चव पिकलेल्या काळ्या चेरीच्या जॅमकडे झुकणारी. नीट बनवलेली, स्वच्छ बिअर आहे. मला थोडी जड वाटली. मे महिन्यातल्या आमच्या घामाच्या रात्री तिचा अर्धा पेला पुरतो. खारवलेल्या काजूबरोबर चांगली लागली. साडेसहा.

आणि मग औदे क्रीक बून.

लेमबेक गावच्या बून ब्रुअरीची ही बिअर, ६.५ टक्के. औदे म्हणजे जुनी, जुन्या रीतीची. लिटरला सुमारे ४०० ग्रॅम चेरी लाकडी पिंपांतल्या लॅम्बिकमध्ये महिनोन्‌महिने मुरत पडते, तीही बियांसकट. बाटलीत भरल्यावरही आंबणं चालूच राहतं. बूच निघताना फट्‌ असा आवाज झाला आणि पडवीतलं मांजर उठून गेलं. बाटली अजिबात हलवू नका. तळाला गाळ असतो, शेवटचे दोन बोटं बाटलीतच राहू द्यावेत. फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबा, फार थंड असली की वास मिटून जातो.

पेला नाकाशी नेला आणि पहिला वास आला तो बदामाचा. चेरीचा नंतर. हा बदाम आला बियांमधून. चेरीच्या बीच्या गरात तेच द्रव्य असतं जे कडू बदामाला वास देतं. कोकमात आम्ही बिया आधीच वेगळ्या काढतो, त्यांचं मुठेल (कोकमाचं घट्ट तेल) करतो आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतो. बी फळाबरोबर ठेवली तर चवीत काय उतरेल, हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनात आला नव्हता. बदामामागून ओल्या लाकडाचा, जुन्या माळ्याचा वास येतो. मग घोट. आंबट, चांगलीच आंबट, पण चिंचेसारखी दात आंबवणारी नव्हे. कच्चं करवंद चावल्यावर जिभेच्या कडा आवळतात तसं होतं, आणि शेवटी तोंड कोरडं ठणठणीत. साखरेचा मागमूस नाही. फळ इतकं असूनही गोडी नाही, कारण फळातली साखर पिंपातच खाल्ली गेलेली असते.

आबांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाले, “ही तर दुपारची माडी लागता. फक्त लाल.” मी त्यांना विचारलं, चांगली लागते का? त्यांनी पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी उरलेली घेऊन बसले तर सोबत बांगड्याचं तिखलं होतं. तिरफळाचा झणका, आमसुलाचा आंबटपणा, बांगड्याचं तेल. लिंडमन्स यापुढे टिकली नसती. औदे क्रीकने प्रत्येक घासानंतर तोंड धुऊन काढलं, सोलकढी करते तसंच. १० पैकी ९. एक गुण कापला कारण रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर फेस पार बसला होता. उघडली की त्याच बैठकीत संपवा.

गोड आवडणाऱ्यांनी लिंडमन्सने सुरुवात करावी, यात काही कमीपणा नाही. पण ज्याचं बालपण मीठ लावलेली करवंदं आणि ओली आमसुलं चोखण्यात गेलं आहे, त्याने थेट औदे क्रीक मागवावी. ती जीभ आपल्याकडे आधीपासून आहे.

औदे क्रीकची दुसरी बाटली मी उघडली नाही. कोठीच्या खोलीत, आगळाच्या बरण्यांमागे अंधारात उभी ठेवली आहे. आणि तिच्या शेजारी एक छोटी बरणी: यंदाचा कोकमाचा रस, बियांसकट, मीठ न घालता. चतुर्थीला भाचा परत येईल तेव्हा दोन्ही एकत्र उघडणार आहोत. आबांनी त्या बरणीला काल कान लावून बघितला.