मोडेमला ‘टेलिफोनी कार्ड’ म्हणून विकणारे फिरताहेत, सावध राहा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी भागात आमचं छोटं कृषी केंद्र आहे. खरिपाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत, आमच्या बाजूच्या केंद्रांमधून एक माणूस फिरून गेला. तुमच्या कॉम्प्युटरात एक कार्ड बसवतो, मग लँडलाइन आपोआप उचलली जाईल, शेतकऱ्याला ‘खतासाठी एक दाबा, बियाण्यासाठी दोन दाबा’ असं ऐकू येईल आणि कोणाला माणसाशीच बोलायचं असेल तर दुकानातला फोन वाजेल, असं तो सांगत होता. आमच्याकडून त्यानं कार्डाचे १४,५०० आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे ४,००० रुपये घेतले. बसवून गेला तो इंटरनेटच्या जुन्या काळातला डायल-अप मोडेम. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्याची पद्धत सगळ्यांना माहीत व्हावी, कारण पुढच्या हंगामात तो किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणीतरी येणारच.

अशी सोय आम्हाला हवी होती, हे खरं. मिरगाचा पहिला पाऊस झाला की फोन थांबत नाही. डीएपी आलं का, युरिया किती गोण्या देता, पऱ्हाटीचं अमुक वाण आहे का. गावात मोबाइलची रेंज धड नाही आणि लोकांकडे सासऱ्यांच्या वेळचा लँडलाइन नंबरच लिहिलेला. काउंटरवर गर्दी असताना फोन घ्यायचा की पोत्यांची नोंद करायची, हा रोजचा प्रश्न. त्यामुळे ही मागणी चुकीची नाही आणि असं काम करणारी चांगली कार्डंही खरोखर मिळतात.

खरं कार्ड कसं असतं ते आधी सांगते. त्यावर दोन प्रकारची तोंडं असतात. एफएक्सओ म्हणजे जिथे टेलिफोन एक्स्चेंजकडून आलेली लाइन लागते. एफएक्सएस म्हणजे जिथे आपला फोन लागतो. एफएक्सएसचं तोंड स्वतः एक्स्चेंजचं काम करतं. फोनला चालायला लागणारा विजेचा दाब (व्होल्टेज) आणि घंटी वाजवायचा दाब, दोन्ही ते कॉम्प्युटरच्या विजेवर तयार करतं. म्हणूनच अशा बऱ्याच कार्डांना स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डावर कार्ड बसतं त्या खाचेतून, मिळणारी वीज पुरत नाही, आणि एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, जुन्या हार्ड डिस्कला लागायची तसली चार पिनांची वायर कार्डाला वेगळी जोडावी लागते. जुन्या मोडेमलाही दोनच भोकं असतात, एक लाइनचं आणि एक फोनचं. मात्र त्यातलं फोनचं भोक बहुतेक वेळा आतून लाइनच्याच तारांना जोडलेलं असतं. तिथे काही तयार होत नाही. या साम्याचाच तो माणूस फायदा घेतो: दोन भोकं दाखवायची आणि एक एफएक्सओ, एक एफएक्सएस असं सांगायचं.

तो आला भर दुपारी. कुलर चालू, दुकानात गिऱ्हाईक. ‘पाच मिनिटांचं काम आहे वहिनी’ म्हणत त्यानं विंडोजमधून कॉम्प्युटर बंद केला आणि लगेच कॅबिनेटचं झाकण काढलं. प्लग बोर्डातच होता, बटणही चालू. आत मदरबोर्डावर एक बारीक हिरवा दिवा जळत होता, तो मला स्पष्ट दिसला. त्या दिव्याचा अर्थ असा, की कॉम्प्युटर बंद दिसत असला तरी आत ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा सुरू आहे, आणि अशा वेळी स्लॉटात काही घातलं तर कार्डही जाऊ शकतं आणि मदरबोर्डही. कार्ड त्यानं वर्तमानपत्राच्या कागदातून काढलं. अशी कार्डं स्थिर विजेपासून वाचवायला राखाडी-चंदेरी पिशवीत येतात. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की टेरीलीनचा सदरा काढताना चटचट आवाज येतो. ती ठिणगी आपल्याला फक्त टोचते, पण चिपला तेवढी पुरते. त्यानं सोनेरी पट्ट्यांवर बोटं ठेवूनच कार्ड अंगठ्यानं दाबलं, कार्ड कॅबिनेटला पक्कं धरणाऱ्या पट्टीचा स्क्रू लावला नाही आणि मी वाकून पाहायला गेले तर झाकण बंद केलं.

‘कायले उघडून पायता वहिनी, चालू झालं न!’

चालू झालं हे खरं. त्यानं मोबाइलवरून फोन लावला, दोन घंट्यांनंतर रेकॉर्ड केलेला आवाज आला. आवाज सोडणारा मोडेम एवढं करतोच, त्यासाठी टेलिफोनी कार्ड लागत नाही. पुढे दुसऱ्या भोकाला लावलेला फोन त्यानं माझ्या हातात दिला, त्यात डायल टोन होता. ‘बघा, दोन्ही पोर्ट चालू.’ पावती मागितली तेव्हा कागदावर ‘कॉम्प्युटर सामान’ एवढंच लिहून दिलं. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पैसे मात्र यूपीआयनं घेतले, आणि आज तीच नोंद आमच्या कामी येते आहे.

आता विचार केला की दिसतं, त्यानं टाळलेली प्रत्येक गोष्ट अशी होती की ती केली असती तर कार्ड माझ्यासमोर नीट उघडं पडलं असतं. पिशवी फोडली असती तर छापलेलं नाव दिसलं असतं. कडांना धरून सावकाश बसवलं असतं तर चिप दिसली असती. चार पिनांची वायर शोधली असती तर ती लावायला या कार्डावर जागाच नाही, हे कळलं असतं. सुरक्षित बसवायला जो वेळ लागतो, तोच त्याला नको होता.

पाऊस आला आणि खरे हाल सुरू झाले. लोक फोन करायचे, आवाज ऐकायचे, फोन ठेवायचे, पण आमची लाइन सुटायचीच नाही. पलीकडच्यानं फोन ठेवला की एक्स्चेंजकडून ४०० हर्ट्झचा तुटक टोन येतो, पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता. खऱ्या कार्डाला तो ओळखायला शिकवता येतं. इथे तसं काहीच नव्हतं. एक दाबा, दोन दाबा याचाही उपयोग नाही, दाबलेलं समजतच नव्हतं. एक म्हातारे शेतकरी दहा किलोमीटरवरून विचारायला आले, ‘बाई, तुमचा फोन सकायपासून एंगेजच लागते.’ ज्यांना येणं जमलं नाही त्यांनी दुसरीकडून खत घेतलं. पेरणीच्या दिवसांत तुटलेलं गिऱ्हाईक वर्षभर परत येत नाही, हे दुकानदारी करणाऱ्यांना सांगायला नको.

शेवटी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आमच्या गावचे काकाजी आले. त्यांनी केलेली तपासणी मी सगळ्यांना करायला सांगते, त्याला कॉम्प्युटरचं काही यावं लागत नाही. आधी त्यांनी कॉम्प्युटरचा प्लगच काढला आणि दुसऱ्या भोकातला फोन उचलला. डायल टोन आला.

‘मशीन बंद अन् फोन चालू? मंग हे कार्ड काय करते पोरी?’

वीज गेली की लाइन सरळ फोनला जोडणारी काही महागडी कार्डंही असतात, म्हणून त्यांनी उलटंही करून पाहिलं. कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर चालू ठेवलं आणि भिंतीवरून आलेली लाइन काढली. एफएक्सएस खरं असतं तर फोनमध्ये जीव राहिला असता, कारण तो कॉम्प्युटरच्या विजेवर चालतो. आमचा फोन मेला. मग प्लग काढून, पॉवरचं बटण थोडं दाबून धरून त्यांनी झाकण उघडलं. कार्डावरच्या मोठ्या चिपवर छापील स्टिकर होतं, त्याचा कोपरा उन्हाळ्यात सुटून वर आलेला. नखानं ओढल्यावर खाली मोडेमच्या चिपचा नंबर. माझ्या पुतण्यानं डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवलं, तर तिथेही हे ‘मोडेम’ या यादीतच होतं. लिनक्स असेल तर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की कार्डाची खरी ओळख समोर येते, स्टिकर काहीही म्हणो.

लायसन्सचे चार हजारही असेच गेले. ‘यात अ‍ॅस्टेरिस्क टाकलंय’ असं तो म्हणाला होता. अ‍ॅस्टेरिस्क हे मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं, कॉम्प्युटरला टेलिफोन एक्स्चेंजसारखं वापरू देणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते फुकट उतरवता येतं. बसवून देण्याची मजुरी कोणी घेतली तर ती रास्त आहे. पण आमच्या कॉम्प्युटरवर ते नव्हतंच, विंडोजमधला फोनला उत्तर देणारा एक साधा प्रोग्राम होता.

शेजारच्या गावात याच माणसानं दुसऱ्या केंद्रात असंच कार्ड बसवलं, तिथे नुकसान आणखी मोठं झालं. टेलिफोनच्या तारेवरून विजेचा झटका आला आणि कार्डासोबत मदरबोर्ड जळाला. तिथल्या तीन पिनांच्या बोर्डात अर्थिंगचं भोक होतं, त्यामागे वायर नव्हती. आपल्याकडे गावोगाव हेच आहे. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून पाहायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. लाइनवर झटका अडवणारं गॅस ट्यूबचं प्रोटेक्टर बसवलं तरी तो झटका जमिनीत न्यायला अर्थ लागतोच.

बसवणारा कितीही चांगला असो, हे तुमच्यासमोर करायला लावा. ढग गरजत असताना काम नको. आधी टेलिफोनची वायर काढायची, कारण तिच्यात एरवी ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी आली की ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. नंतर प्लग काढायचा आणि मदरबोर्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच पिशवी फोडायची. स्लॉट आणि कार्डाची खाच जुळते का पाहायचं, नवीन बोर्डांवर जुना पीसीआय स्लॉट बहुधा नसतो. जोर लावून घालायचं नाही, आणि पट्टीचा स्क्रू लावायचाच. बाहेरची लाइन एफएक्सएसच्या तोंडात कधीही घालू नका, पहिल्याच घंटीला ते जळू शकतं.

त्या माणसानं जाताना आणखी एक गोष्ट सुचवली होती: सिमकार्डांचं एक मशीन ठेवू द्या, परदेशातले कॉल त्यातून जातील, महिन्याला पैसे मिळतील. असं कोणी म्हटलं तर त्याला दुकानाच्या पायरीवरही उभं करू नका. ते बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज असतं. २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात असं एक्स्चेंज पकडलं गेलं तेव्हा अटका झाल्या होत्या.

आम्ही नोटीस पाठवली तेव्हा त्याचं उत्तर आलं, की माल दुकानासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही. हे ऐकून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट आहे, की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोजत नाहीत. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवरून करता येते. कार्ड काढून फेकू नका, विक्रेत्याला परतही देऊ नका. स्टिकरसकट फोटो काढा, कार्ड पाकिटात ठेवून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, पैसे दिल्याची नोंद छापून ठेवा. आर्वी, कारंजा, आष्टी या बाजूला अजून कोणाच्या दुकानात याच माणसानं कार्ड बसवलं असेल तर आजच कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर चालू ठेवून, लाइन काढून फोन उचलून पाहा, आणि मेला निघाला तर मुदत संपण्याआधी तक्रार टाका.