४९ सीसी मिनी डर्ट बाइक, आठ महिन्यांनंतर: दोरी ओढणार कोण?

दिवाळीत लेकीसाठी घेतली. ३५ हजार गेले. टू-स्ट्रोक, एअर कूल्ड, गिअर नाही, दहा इंची चाकं, पुढे-मागे डिस्क, हे सगळं जाहिरातीत आहेच, त्यात खोट नाही. आठ वर्षांच्या पोरीचे पाय जमिनीला टेकतात आणि गाडी पडली तर मला एका हाताने उचलता येते. ब्रेक, सस्पेन्शनबद्दल तक्रार नाही.

तक्रार दोरीची आहे.

सेल्फ नाही, किकही नाही. गवत कापायच्या मशीनला असते तशी दोरी ओढून गाडी चालू करायची. म्हणजे गाडी पोरीची आणि ओढणारा मी. त्यात मनगटाला बांधायची दुसरी एक दोरी. पोरगी पडली की ती निसटते आणि इंजिन बंद. सोय उत्तमच, पण मळ्याच्या त्या टोकाला पोरगी पडली की "बाबाऽऽ" अशी हाक येते आणि मी ढेकळं तुडवत निघतो, पुन्हा दोरी ओढायला. एका रविवारी अकरा वेळा.

मार्चमध्ये गाडी वीस-वीस ओढींत चालू होईना आणि एका हिसक्यात दोरी हातात आली. दुकानदार म्हणाला, दोरी वॉरंटीत बसत नाही, आख्खा स्टार्टर बदला, १,४००. मी म्हटलं, हात रे, दोरीचे १,४००? घरी चार स्क्रू काढले, तर आतली स्प्रिंग फडाफडा उलगडून तोंडाजवळून गेली. ती परत गुंडाळायला दीड तास लागला. दोरी फवारणी पंपवाल्याकडे मिळाली, ४० रुपये.

इथपर्यंत लिहून 'घेऊ नका' म्हणणार होतो. पण मध्ये आण्णा आले.

आण्णांनी वीस वर्षं लुना हाकली. त्यांनी स्पार्क प्लग काढला, उन्हात धरला आणि विचारलं, "तेल किती घालतोस?" प्लग काळाकुट्ट, ओला. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं; पुस्तिकेत पंचवीसास एक लिहिलंय, म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं तेल). मी पोरीची गाडी म्हणून सढळ हाताने ओतत होतो, ७० तरी जात असेल. ते न जळलेलं तेल प्लगवर बसत होतं. म्हणून ओढीवर ओढी, आणि म्हणून दोरी तुटली. दोष बराचसा माझाच निघाला. आता खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या टोपणाने मोजून चार टोपणं. नवा प्लग घातला. दोरी आधी अडेपर्यंत हळू ओढायची, मग झटका द्यायचा, आणि सोडताना दोरीची मूठ हातातच ठेवायची. थंड इंजिन असेल तर चोक. दुसऱ्या ओढीत धडधडते.

जूनमध्ये पावसाने तीन आठवडे गाडी पडून राहिली आणि पुन्हा रुसली. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढतं, त्यात कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक, केसाएवढं बारीक, ते बुजतं. आता काम झालं की टाकीचा नळ बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही.

शेजारचे विचारतात, गल्लीत का नाही फिरवत? २५ सीसीच्या वरची गाडी कायद्याने मोटार वाहनच. हिला नंबर प्लेट नाही, पोरगी आठ वर्षांची. अल्पवयीन चालवताना सापडलं तर पालकाला २५ हजार दंड आणि कैदेची तरतूद. आपला मळा बरा. ॲक्सिलरेटरच्या मुठीजवळचा वेग अडवणारा स्क्रूही मी अजून पूर्ण सोडलेला नाही.

तर घ्यावी का? स्वतः प्लग काढता येत असेल तर घ्या. नसेल तर बॅटरीवाली बघा, तिला दोरी नसते. परवा पोरीने स्वतः ओढून पाहिली, दोन्ही हातांनी, पाय रोवून. दोरी वीतभर बाहेर आली आणि गाडीच तिच्या अंगावर सरकली. आण्णा बांधावरून ओरडले, "आधी चोक दे!"