जुन्या जावाच्या चाकांची अदलाबदल करताय? आधी हे वाचा

जुन्या जावा मोटारसायकलची १६ इंची चाकं मिळावीत म्हणून कोणी आपली येझदी रोडकिंगची (नंतरची मोटारसायकल) १८ इंची चाकं आणि पुढचा शॉकअप द्यायला निघालं असेल, तर माल गाडीत चढवण्याआधी हे वाचा. माझी फसवणूक याच व्यवहारात झाली आणि ज्याने ती केली तो अजून पुढचं गिऱ्हाईक शोधतोय.

माझी गाडी जावा ३५३ या मॉडेलची. आधीच्या मालकाने तिला रोडकिंगची चाकं आणि पुढचा शॉकअप चढवला होता. असं पुष्कळ गाड्यांवर दिसतं, कारण १८ चा टायर सहज मिळतो. पण रिम दोन इंचांनी मोठी झाली की गाडी एक इंच वर उचलली जाते. मधल्या स्टँडवर घेतली तरी मागचं चाक जमिनीला टेकलेलंच. मडगार्ड आणि टायरमध्ये जेमतेम बोट जातं. त्रिज्या वाढली की ट्रेलही (हँडलच्या तिरक्या अक्षाची रेष जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) वाढतो, म्हणून हँडल वळायला सुस्त. जावाची ती बुटकी, घट्ट बसलेली ठेवण मला परत हवी होती. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तेव्हापासून मूळ माल मिळतो तो कुणाच्या तरी माळ्यावरूनच, आणि अशा ठगांचं फावतं ते यामुळेच.

मला फसवणाऱ्या या माणसाला नेमकी १८ ची चाकं हवी होती, मला १६ ची. बरोबरीचा सौदा, कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. बोलणं अत्यंत गोड. ‘दादा, आपण दोघं जावावाले, आपल्यात पैशाची भाषा कशाला?’ माहितीही पक्की होती. कोणत्या वर्षी कोणता हब (चाकाचा मधला भाग, ज्यात स्पोक अडकतात) आला हे तो घडाघडा सांगायचा. फोटो स्वच्छ, पण सगळे एकाच बाजूने काढलेले. दुसऱ्या बाजूचे मागितले की ‘उद्या पाठवतो’, आणि लगेच पुढचं वाक्य, ‘अजून एक जण बघून गेलाय, तुमच्यासाठी थांबवलंय.’ ठरल्याप्रमाणे मी माल पाठवला. त्याचा माल निघाला तो माझा पोचल्यानंतर.

खोकं उघडलं तेव्हा पहिल्या नजरेत खोट दिसत नव्हती. फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे, पाइप क्रोमने चकाकत होते. माझा मेकॅनिक मात्र जुना माणूस. त्याने पाइप जाड काचेवर ठेवून हळूच फिरवला. अर्ध्या फेरीत पाइपच्या मध्याखालून उजेडाची फट दिसायची, पुढच्या अर्ध्यात मिटायची. म्हणजे वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून वरून नवा क्रोम चढवलेला. दाबून पाहिला तर शॉकअप मस्त कडक. तळाचा स्क्रू सोडला, तर तेलाचा थेंब नाही; बोट घातल्यावर काळपट ग्रीस निघालं. आतलं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी तेलाने आवरण्याची क्षमता) संपलेलं असलं की ग्रीस भरून शॉकअप कडक करतात. हाताने दाबणाऱ्याला तो नव्यासारखा वाटतो, रस्त्यावर मात्र पहिल्याच खड्ड्यात हँडल उसळतं.

हबची गोष्ट याहून वाईट. स्पोकच्या दोन भोकांमधल्या कडेला पॉलिशची छटा जरा वेगळी होती. ब्लेडच्या टोकाने खरवडल्यावर राखाडी लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भुग्यासारखी सुटली आणि खाली तडा. हब अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे लोहचुंबक लावून लांबी ओळखता येत नाही. लेथवाल्याकडे तडा शोधायचा लाल रंग असतो. तो लावायचा, पुसायचा आणि वर पांढरा फवारा मारायचा. तड्यात मुरलेला रंग लाल रेघ होऊन वर येतो. आमच्या हबवर अशा रेघा तीन ठिकाणी उठल्या. ब्रेक प्लेट उघडली तर ड्रम लेथवर वारंवार घेऊन पातळ केलेला, आणि ब्रेक लागावा म्हणून ब्रेकचे शू पसरवणाऱ्या कॅमवर पत्र्याची पट्टी बसवलेली. ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून फोर्कच्या नळीला जे अडणं असतं, ते तुटून पुन्हा कच्चं वेल्ड केलेलं, वर काळा रंग. जोरात ब्रेक दाबल्यावर ते सुटलं तर प्लेट चाकासोबत फिरते आणि पुढचं चाक जागच्या जागी जाम होतं. हे करणाऱ्याला आपण काय करतोय हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून माझा संताप अजून उतरलेला नाही.

फोन केला तर म्हणाला, ‘तुमच्याच मेकॅनिकने वाकवला असेल.’ माझा माल परत मागितला, तर तो त्याने परस्पर पुढे देऊन टाकला होता.

अदलाबदलीतली मेख हीच. पैसे हलत नाहीत, म्हणून बँकेत नोंद नाही, पावती नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ कलम आहे, पण तक्रार लिहून देताना काय ठरलं होतं आणि काय आलं हे दाखवावं लागतं. माझ्याकडे होते ते फोनवरचे शब्द. म्हणून प्रत्येक भागाची अवस्था, त्यावर कोरलेले आकडे, दोन्ही मालांची ठरलेली किंमत आणि परतीची मुदत हे सगळं लेखी मेसेजवर घ्या, समोरच्याकडून ‘मान्य’ लिहून घ्या. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, बांधणी तोडण्याआधीपासून. जमलं तर दोघांच्या मधल्या एखाद्या गॅरेजमध्ये समोरासमोर माल उघडा. जो भेटायलाच तयार नसेल, त्याच्याशी सौदा करू नका.

सध्या तो मागच्या शॉकअपची जोडी ‘न वापरलेली’ म्हणून पुढे करतोय आणि बदल्यात १८ ची रिम मागतोय. कोणाला विचारणा आली, तर शॉकअप दाबून सोडतानाचा व्हिडिओ मागा. डॅम्पिंग गेलेला शॉकअप सोडल्यासरशी टणकन वर येतो, चांगला सावकाश येतो. दोन्ही टोकांच्या बुशांमधलं (बोल्ट जातो त्या कड्यांमधलं) अंतर टेप लावून दोन्ही नगांचं वेगवेगळं दाखवायला सांगा, आणि फोटो चारही बाजूंचे घ्या.