मृत्युदंडावरचा ऑनलाइन कोर्स: अर्धा जबरदस्त, अर्धा एकतर्फी

फाशी हवी की नको यावर मत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय, पण ते मत कशावर उभं आहे असं विचारलं की बहुतेक जण शेवटच्या गाजलेल्या केसवर येऊन थांबतात. म्हणून हा कोर्स घेतला. मृत्युदंड आणि आधुनिक न्यायव्यवस्था असा विषय, व्हिडिओ, वाचायला निकालपत्रं, प्रत्येक भागाच्या शेवटी क्विझ. कोर्सचं नाव लिहीत नाही, कारण खाली कुरकुर बरीच आहे आणि मला कोणाचं दुकान बंद पाडायचं नाहीये. शिकवणारे तिघं: फाशीच्या कैद्यांची अपिलं लढवलेले एक वकील, कायद्याच्या एक प्राध्यापक आणि एक क्रिमिनॉलॉजीवाले, म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास करणारे. तिघंही फाशीच्या विरोधात आहेत हे पहिल्याच व्हिडिओत कळतं. माझाही कल तिकडेच आहे, आणि तरी माझी मुख्य तक्रार हीच आहे.

झालंय असं की कोर्सने समोरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत माणूस रिंगणात उतरवलाच नाही. पहिल्या भागात इतिहास आहे, बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच मांडलं होतं की शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती मिळणार याची खात्री किती आहे यावर गुन्हे कमी होणं अवलंबून असतं, हे छान समजावलंय. मग जर्मन तत्त्वज्ञ कांट येतो. कांटचं म्हणणं असं की बेटावरचे सगळे लोक समाज मोडून चारी दिशांना निघाले तरी निघण्याआधी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी दिलीच पाहिजे, नाहीतर त्या रक्ताचा दोष सगळ्यांवर येतो. यावर प्राध्यापकबाई हसून "हा सूड झाला, न्याय नव्हे" म्हणतात आणि स्लाइड बदलते. अहो, इतकं सोपं असतं तर अडीचशे वर्षं लोक भांडले असते का? थंड डोक्याने वीस माणसं मारणाऱ्याला आणि भांडणात एक जीव घेणाऱ्याला शेवटी एकच जन्मठेप, तर मग कायदा त्या उरलेल्या एकोणीस जणांबद्दल नक्की काय बोलला? याला उत्तर आहे, पण ते कमवावं लागतं, आणि इथे कोणी कमवत नाही.

दुसरा भाग जरबेचा, म्हणजे फाशीच्या भीतीने खून कमी होतात का. इथे तर मी व्हिडिओ थांबवून परत मागे नेऊन ऐकला. क्रिमिनॉलॉजीवाले ठामपणे सांगतात की फाशीने जरब बसत नाही हे सिद्ध झालंय. नाही हो झालेलं! १९७५ मध्ये आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञाने आकडेमोड करून सांगितलं होतं की एका फाशीमागे साधारण आठ खून टळतात, त्यावर तुटून पडणारे पेपर लगेच आले, मग त्या पेपरांवर तुटून पडणारे आले, आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने सगळा ढीग तपासून म्हटलं की या अभ्यासांवरून खून वाढतात, कमी होतात की तसेच राहतात यातलं काहीच ठरवता येत नाही, त्यामुळे धोरण ठरवताना ते वापरूच नका. म्हणजे जरब बसते म्हणणाऱ्याकडे पुरावा नाही आणि बसत नाही म्हणणाऱ्याकडेही तो पक्का नाही. आता माझ्या मते यातही ओझं फाशी मागणाऱ्यावरच पडतं, कारण जीव घेणाऱ्याने आधी फायदा दाखवायचा असतो. पण हे असं सांगायला काय हरकत होती? कॅनडाने १९७६ मध्ये फाशी बंद केली आणि पुढच्या दशकांत तिथलं खुनाचं प्रमाण खाली आलं, हे उदाहरण दिलंय ते खरंच आहे, पण त्यावरून फारतर एवढंच कळतं की फाशी काढली म्हणजे आभाळ कोसळत नाही.

इथपर्यंत पोहोचून मी दोन स्टार देऊन सोडून देणार होतो, पण मग तिसरा भाग आला आणि त्यासाठी हा अख्खा रिव्ह्यू लिहितोय.

तिसऱ्या भागात तुम्हाला न्यायाधीश करतात. एक काल्पनिक केस फाईल उघडते, लुटीसाठी घरात शिरून केलेला दुहेरी खून, आरोपी चोविशीतला, गुन्हा शाबीत झालेला आहे, फक्त शिक्षा ठरवायचीय. पहिल्या पानावर फक्त गुन्ह्याचं वर्णन, पोस्टमॉर्टेमसकट. बटण दोनच, मृत्युदंड किंवा जन्मठेप. दाबलं की दुसरं पान उघडतं, त्यात आरोपीचं बालपण, डोक्याला झालेली जुनी दुखापत, तुरुंगातलं वागणं, आणि पुन्हा विचारतात, मत बदलायचंय का. मग तिसरं पान, आणि हे खरं विषारी आहे: तीच फाईल, तोच गुन्हा, पण या वेळी वकिलाने दुसऱ्या पानावरचं काहीही कोर्टासमोर आणलेलंच नाही, कारण तो मोफत मदतीतून मिळालेला, केस उभी राहण्याच्या आदल्या दिवशी फाईल हातात पडलेला वकील आहे. तेव्हा कळतं की ज्याला आपण आरोपीची लायकी म्हणतो त्यातला बराचसा भाग वकिलाने काय गोळा केलं यावर ठरतो. भारतात सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये बचन सिंग केसमध्ये दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच फाशी असं सांगितलं, गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा असंही सांगितलं, पण ही माहिती सेशन कोर्टातच पद्धतशीर गोळा करा, तुरुंगाचा आणि मानसिक तपासणीचा अहवाल मागवा, हे नीट बजावून सांगायला २०२२ चा मनोज केसचा निकाल यावा लागला. मधली बेचाळीस वर्षं ज्यांना शिक्षा झाल्या त्यांचं काय, हा प्रश्न कोर्स विचारत नाही पण फाईल बंद केल्यावर तो आपोआप पडतो.

याच भागात हरबंस सिंग केस वाचायला दिलीय, १९८२ ची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकाच गुन्ह्यात सारखाच वाटा असलेले तिघं, तिघांनाही फाशी. तिघांचे अर्ज सुप्रीम कोर्टात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाची फाशी कमी होऊन जन्मठेप झाली. एकाचा अर्ज फेटाळला गेला, त्याने पुनर्विचार याचिका केली नाही, आणि १९८१ मध्ये त्याला फाशी दिली गेली. तिसरा त्याच दिवशी जायचा होता, पण त्याची याचिका कोर्टापुढे वेळेत आली, आणि मग कोर्टाने त्याची शिक्षा कमी करावी अशी शिफारस राष्ट्रपतींना केली. गुन्हा एक, पुरावा एक. अमेरिकेत १९७२ च्या फर्मन केसमध्ये न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी अशा शिक्षेची तुलना अंगावर वीज पडण्याशी केली होती, आणि तिथले तेव्हाचे फाशीचे कायदे त्या निकालाने मोडीत निघाले, मग १९७६ मध्ये कोर्टाने नवे नियम मान्य केले आणि फाशीला परत वाट मिळाली. नियम आले म्हणून वीज पडायची थांबली का, तर १९८७ ची मॅक्क्लेस्की केस वाचा. जॉर्जियातल्या आकडेवारीवरून दिसत होतं की खून झालेला माणूस गोरा असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट, आणि कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं की असेल, पण याच आरोपीशी भेदभाव झाला हे दाखवा. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले की मत बदलता आलं तर ते या केसमधलं बदलेन. हे ऐकून मी लॅपटॉप बंद करून फिरायला गेलो, खरं सांगतो.

चौथा भाग चुकांचा, तो पण दमदार आहे. इंग्लंडचा टिमोथी इव्हान्स १९५० मध्ये फासावर गेला, तीन वर्षांनी त्याच घरात राहणारा, त्याच्याविरुद्ध साक्ष दिलेला ख्रिस्टी अनेक बायकांचा खुनी निघाला, आणि इव्हान्सला माफी मिळाली १९६६ मध्ये. जपानचे इवाओ हाकामादा १९६६ मध्ये पकडले गेले, १९६८ मध्ये फाशी सुनावली, २०१४ मध्ये बाहेर आले आणि २०२४ मध्ये निर्दोष ठरले. महाराष्ट्रातल्या एका केसमध्ये तर सुप्रीम कोर्टानेच २००९ मध्ये सहाही जणांना फाशी ठरवली, त्यातल्या तिघांची हायकोर्टाने केलेली जन्मठेप वाढवून, आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अमेरिकेत १९७३ पासून दोनशेवर माणसं फाशीच्या कोठडीतून निर्दोष सुटलीत.

पण इथे पुन्हा तेच. फाशीच्या बाजूचा हुशार माणूस विचारेल, जन्मठेपेत गेलेली वीस वर्षं तरी कोण परत देतं, चूक होते म्हणून शिक्षाच बंद करायची तर तुरुंगही बंद करा. याला कोर्सकडे उत्तरच नाही, नुसतं "जीव परत येत नाही" असं तीनदा म्हणतात. माझ्या मते उत्तर या केसमध्येच दडलंय: हाकामादा जिवंत होते म्हणून बहीण लढत राहिली, वकील लढत राहिले, डीएनए तपासणी झाली. माणूस गेला की ज्याच्यासाठी लढायचं तोच नसतो, वकील पुढच्या जिवंत अशिलाकडे वळतात, कोर्टात दाद मागायचं कारण संपतं, पुरावे गोदामात पडून राहतात. त्यामुळे फासावर गेलेल्यांतले निर्दोष किती हे मोजायची यंत्रणाच उरत नाही. तुरुंगातली चूक निदान सापडू शकते. एवढं एक वाक्य घातलं असतं तर तो भाग दुप्पट चांगला झाला असता.

दयेचे अर्ज आणि वाट बघणं यावरचा भाग छोटा पण नेटका. २०१४ चा शत्रुघ्न चौहान निकाल, दयेच्या अर्जावर विनाकारण झालेल्या दिरंगाईमुळे, काहींच्या बाबतीत मानसिक आजारामुळे, पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, आणि अर्ज फेटाळल्यावर किमान चौदा दिवस द्यायचे हा नियम. जपानमध्ये कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात, हे मला माहीत नव्हतं. इंजेक्शन, नायट्रोजन वगैरे पद्धतींचा व्हिडिओ मी पळवत बघितला, तुम्हीही पळवा, त्यात मुद्दा कमी आणि अंगावर काटा जास्त.

सगळ्यात मोठी पोकळी म्हणजे खून झालेल्या माणसाच्या घरचे. अख्ख्या कोर्समध्ये त्यांचा एक आवाज नाही. काहींना फाशी हवी असते, काहींना नको असते, बऱ्याच जणांना आधी कोर्टाची तारीख तरी कोणीतरी फोन करून सांगावी असं वाटत असतं. वर्षानुवर्षं अपिलं चालतात तेव्हा ते काय करतात, यावर वकीलसाहेबांना नक्की माहीत असणार, पण ते बोलत नाहीत. फाशी मागणारे लोक याच माणसांकडे बोट दाखवून बोलतात, आणि तुम्ही त्यांना खोलीतच घेतलं नाही तर वाद जिंकला कसा म्हणायचा?

बाकी बारीकसारीक: सबटायटल आपोआप बनवलेली आहेत आणि कायद्याच्या शब्दांची पार वाट लावतात. क्विझ पोरकट, कुठला निकाल कुठल्या साली एवढंच विचारतात. वाचायला दिलेली निकालपत्रं मात्र नीट निवडलीत आणि महत्त्वाचे परिच्छेद रंगवून दिलेत, कारण बचन सिंगचा निकाल अख्खा वाचायला बसलात तर उठणार नाही. सर्टिफिकेट मिळतं, त्याचं काय करायचं मला कळलेलं नाही.

कायद्याचे विद्यार्थी असाल, वादविवाद स्पर्धेत उतरणार असाल किंवा नुसतंच घरात या विषयावर भांडण होत असेल तर घ्या. तिसरा आणि चौथा भाग आधी बघा, मग पहिला, आणि दुसरा भाग २०१२ चा तो रिपोर्ट शेजारी उघडून बघा. फाशीच्या बाजूचे असाल तर चिडाल, तरी केस फाईलचा तो व्यायाम कराच, आणि पहिल्या पानावर कुठलं बटण दाबलंत ते कागदावर लिहून ठेवा कारण नंतर मागे जाऊन ते दिसत नाही. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन तिसऱ्या भागाचे.